गावातले हायलँड गेम्स: तुमचे अनुभव लिहा

ॲबरडीनला राहायला आले त्या पहिल्याच ऑगस्टमध्ये शेजारच्या आजी म्हणाल्या, "शनिवारी अबॉइनला जा, गेम्स आहेत." तेव्हापासून एकही वर्ष चुकवलेलं नाही. स्कॉटलंडमध्ये उन्हाळाभर गावोगावी ताकदीच्या खेळांच्या आणि नाचाच्या या स्पर्धा भरतात. ज्यांनी पाहिलेत त्यांनी लिहा. सुरुवात मी करते.

यातला एक खेळ केबर फेकण्याचा. केबर म्हणजे फांद्या छाटलेला झाडाचा अख्खा बुंधा. खेळाडू वाकून त्याच्या निमुळत्या टोकाखाली बोटं गुंफतो, खांब उभाच्या उभा उचलून खांद्याला टेकवतो, तोल सांभाळत धावतो आणि एकदम थांबून भिरकावतो. लांब फेकेल तो जिंकला, असं मी धरून चालले होते. बाजूच्या काकांनी समजावलं की अंतराला इथे किंमत नाही. जाड टोक जमिनीवर आपटून खांब पलीकडे उलटला पाहिजे, आणि पडल्यावर खेळाडूच्या अगदी नाकासमोर सरळ. घड्याळातले बारा! पंच मागून पळत येऊन तेवढंच बघतो. त्या दिवशी एकाचा खांब तीन वेळा अर्ध्यातून मागे आला, तरी मैदानाने त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं.

हातोडा फेकणाऱ्यांचे बूटही जवळून बघा. टोकाला लोखंडी पातं असतं, ते मातीत रुतवून पाय न हलवता हातोडा डोक्याभोवती फिरवतात.

प्रतिसाद १: ताई, आम्ही सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी ब्रेमारच्या गेम्सना गेलो होतो. व्हिक्टोरिया राणी १८४८ मध्ये आली, तेव्हापासून राजघराण्याची ये-जा आहे, त्यामुळे गर्दी फार. पण मनात राहिली ती तंबूमागची आठ-नऊ वर्षांची मुलगी. जमिनीवर दोन काठ्या फुलीसारख्या ठेवून ती तलवारनृत्याचा सराव करत होती, आणि आई भर पावसात तिच्या बुटांच्या नाड्या पुन्हा आवळत होती. खऱ्या तलवारीला पाय लागला की गुण कापतात.

प्रतिसाद २: मी साताऱ्याचा, मुलाकडे आलो होतो. आमच्या गावात देवळासमोर दगडी गोटी होती, जत्रेत पोरं ती उचलायची. म्हणून मुलाने मला डी नदीकाठी पोटार्कला नेलं. तिथे लोखंडी कड्या बसवलेले दोन दगड आहेत, मिळून सुमारे ३३२ किलो. १८६० मध्ये डोनाल्ड डिनी या मल्लाने दोन्ही हातात धरून तिथल्या पुलाची रुंदी ओलांडली होती, असं सांगतात. मी धाकट्या दगडाची कडी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. दगड हलला नाही. कडी मात्र हातांच्या घासण्याने आतून गुळगुळीत झालेली, आमच्या गोटीसारखीच.

प्रतिसाद ३: काका, गोटीबद्दल अजून लिहा ना. कुठलं गाव तुमचं?