मदत हवी आहे: पिंक फ्लॉइडच्या १९७२ च्या कॅसेटची तारीख कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी,

माझा मामा सत्तरच्या दशकात लंडनला नोकरीला होता. त्याच्या ट्रंकेत नव्वद मिनिटांची एक कॅसेट सापडली, वर पेनाने फक्त 'फ्लॉइड ७२' लिहिलंय, म्हणजे ब्रिटिश रॉक बँड पिंक फ्लॉइड. मामा आता नाही, त्यामुळे विचारायला कुणी उरलं नाही.

एकदाच वाजवली आणि अंगावर काटा आला. त्यांचा 'डार्क साइड ऑफ द मून' सगळा आहे, पण नंतर आलेल्या अल्बमसारखा नाही! 'ऑन द रन'च्या जागी सिंथेसायझर नाही, गिटार आणि कीबोर्डची जुगलबंदी आहे. 'टाइम' बराच संथ. 'ग्रेट गिग'मध्ये ऑर्गन आणि बायबलमधलं वाचन. अल्बमवर या गाण्यात असलेला गायिका क्लेअर टोरीचा आवाज तर १९७३ च्या जानेवारीत रेकॉर्ड झाला, म्हणजे ही कॅसेट त्याआधीची.

'डार्क साइड'ची ही सलग रचना फ्लॉइडने २० जानेवारी १९७२ ला ब्रायटनला पहिल्यांदा वाजवायला घेतली, पण 'मनी' गाण्याच्या वेळी साथीला लावलेल्या टेपचा घोळ होऊन ती अर्धवट राहिली. माझ्या कॅसेटवर ती पूर्ण आहे, म्हणजे ब्रायटन नक्की नाही. फेब्रुवारीतल्या लंडनच्या रेनबो थिएटरच्या चार कार्यक्रमांपैकी एक असेल का? त्या चार रात्रींची रेकॉर्डिंग्ज कुणी नीट ऐकली असतील तर फरक कशावरून ओळखायचा ते सांगा. गाण्यांमधलं बोलणं, टाळ्या, काहीही चालेल. बाजू बी वर त्यांचंच 'एकोज' हे गाणं आहे.

दुसरी अडचण जास्त तातडीची. टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसतेय, म्हणून पुन्हा लावायची हिंमत होत नाही. ठाणे-मुंबईत बुरशी साफ करून चांगल्या कॅसेट डेकवरून डिजिटल कॉपी काढून देणारं कुणी माहीत आहे का? पोस्टाने पाठवायची नाही, मी स्वतः घेऊन येईन.