अनुभव धागा: तुमची कॅम्पर व्हॅन ‘तुमची’ कशी झाली?

सजवलेल्या व्हॅनचे फोटो पाहिले की सगळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात. पांढऱ्या भिंती, छताला लाकडी पट्ट्या, दिव्यांची माळ, उघड्या मागच्या दारातून दिसणारा समुद्र. फोटोत व्हॅन उभी असते. ती धावायला लागल्यावर शेल्फवरच्या कुंडीचं काय होतं आणि पहाटे काचेवरून पाणी ओघळतं तेव्हा त्या पांढऱ्या उशांचं काय होतं, ते कुणी दाखवत नाही.

म्हणून हा धागा. काय लावलंत, काय काढून टाकलंत, कशामुळे आत शिरल्यावर बरं वाटायला लागलं, ते लिहा. स्वतः बांधलेली, तयार घेतलेली, भाड्याची, अर्धवट राहिलेली, सगळ्या चालतील. सोलर आणि बॅटरीची भांडणं मात्र इथे नकोत, त्याला वेगळा धागा काढू.

सुरुवात मी करते, दिव्यांपासून. आमच्या छताला आधी ६५०० केल्विनची पांढरीफटक एलईडी पट्टी होती. तिच्या उजेडात चेहरे आजारी दिसायचे. ती काढून २७०० केल्विनची पिवळसर पट्टी लावली आणि डिमर बसवला. त्याच गाद्या, तेच पडदे, पण संध्याकाळी आत बसावंसं वाटायला लागलं. पांढरा दिवा आता फक्त ओट्यावर आहे, तिथे नीट दिसायला हवंच. पलंगाच्या दोन्ही बाजूंना वाचायचे दिवे वेगवेगळे आहेत, बटणं झोपल्या झोपल्या हाताला लागतील अशी. दिवा बंद करायला उठावं लागत असेल तर तो नसल्यातच जमा. आणि जमिनीलगत एक बारीक लाल दिवा. रात्री उठलं तर पाय कुठे ठेवायचा ते कळतं, दुसऱ्याची झोप मोडत नाही आणि अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत.

सुईदोरा

मी पडद्यांवर लिहिणार हे नाव वाचूनच कळलं असेल.

तारेवर सरकणारे पडदे मला पटले नाहीत. कडेने उजेड येतो आणि गाडी वळली की ते झुलतात. मी प्रत्येक खिडकीच्या मापाचं झाकण शिवलं. बाहेरच्या बाजूला गडद, उजेड अडवणारं अस्तर, मधे पातळ वॅडिंग (रजईत असतो तसा भरणाचा थर), आतून माझ्या आवडीचं कापड, आणि कडेच्या पट्टीत चुंबक. गाडीचा पत्रा लोखंडी असेल तर झाकण थेट चिकटतं. प्लॅस्टिकचं आवरण असेल तिथे आधी पातळ लोखंडी पट्टी चिकटवावी लागते. माप टेपने घेऊ नका, काचेवर कागद लावून त्याचीच कापणी करा. डावी-उजवी खिडकी सारखी दिसते, पण बऱ्याचदा नसते. म्हणून प्रत्येक झाकणाच्या वरच्या कोपऱ्यात मी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे चार टाके घातलेत. रात्री दमून थांबल्यावर कुठलं कुठे लावायचं हे बघत बसावं लागत नाही.

आतून पातळ सुती पडदाच हवा असेल तर अंधार पडल्यावर दिवा लावून एकदा बाहेर जाऊन बघा. दिवसा ज्यातून काही दिसत नाही, त्यातून रात्री सगळं दिसतं.

अजून एक. उशांच्या खोळीत कापूस किंवा फोम भरायची गरज नसते. आमच्या दोन मोठ्या उशांमध्ये जाड जाकिटं आणि स्वेटर असतात. थंडी पडली की उशा सपाट होतात, पण तेव्हा जाकिटं अंगावर असतात, त्यामुळे तक्रार कुणाची नसते.

सहाफुटी

आडवा पलंग फोटोत छान दिसतो, जागाही वाचते. पण भिंतींना इन्सुलेशन आणि वर प्लाय लागला की बऱ्याच गाड्यांची आतली रुंदी उंच माणसाला पुरत नाही. कागदावरचं माप बघून ठरवू नका, पाठ टेकून आडवे व्हा. आमचा पलंग मी गाडीच्या लांबीच्या दिशेने केला आणि त्यासाठी जेवणाचं टेबल घडीचं करावं लागलं. झोप मिळते, टेबलाचं बघू.

गादी चांगल्या घनतेची, दहा सेंटिमीटरची, आणि खाली सलग फळी न टाकता फटी ठेवलेल्या पट्ट्या. सलग फळीवर गादीच्या पोटाला ओल धरते आणि बुरशी येते. गाडी उतारावर असेल तर डोकं चढाच्या बाजूला ठेवायचं. वर चादर मात्र घरचीच, धुवून धुवून मऊ झालेली. व्हॅनसाठी म्हणून नवीकोरी चादर आणली होती, तिच्यावर मला परक्या ठिकाणी झोपल्यासारखं वाटायचं.

खुडबुड्या

सहाफुटींनी बुरशीचा विषय काढलाच आहे तर त्यावर जरा लांबण लावतो, कारण सजावट बिघडवणारी पहिली गोष्ट पाणीच आहे.

दोन माणसं रात्रभर श्वासातून आणि घामातून साधारण अर्धा ते एक लिटर पाणी हवेत सोडतात. त्यात गॅसची भर. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ होते, वर भांड्यातली वाफ वेगळीच. ही सगळी ओल जिथे गार पत्रा सापडेल तिथे जाऊन बसते. म्हणजे खिडकीची चौकट, दाराची आतली बाजू, छताच्या उघड्या राहिलेल्या फासळ्या. त्याला लागून उशी, पुस्तक किंवा कपड्यांची पिशवी ठेवली की ती गेली.

आमच्याकडे छताचा पंखा बाहेर हवा फेकतो आणि त्याच्या विरुद्ध टोकाची खिडकी दोन बोटं उघडी असते. कडाक्याच्या थंडीतही. थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलं की सकाळी पांघरूणच दमट लागतं. उघड्या फासळ्यांवर मी कॉर्क चिकटवला. हाताला ऊबदार लागतो, आवाज खातो आणि टाचणीने त्यावर काहीही लावता येतं. आमचे सगळे फोटो आणि नकाशे तिथेच आहेत. पांघरूण लोकरीचं घ्या. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल शोषते आणि तरी अंगाला ओली लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साचतो, म्हणून गॅसच्या कप्प्याच्या तळाला बाहेर जाणारं भोक ठेवलेलं असतं. सुंदर गालिचा अंथरताना किंवा कप्प्यात टोपली सरकवताना ते भोक झाकलं जाऊ देऊ नका. गॅसचा अलार्म खाली लावायचा, कार्बन मोनॉक्साइडचा झोपताना नाक असतं त्या उंचीच्या आसपास, आणि दोन्हींवर पडदा येता कामा नये. गाडी उबवायला शेगडी पेटवून झोपणं तर अजिबात नाही.

चालक क्रमांक दोन

गालिच्यावरून आठवलं, सगळेच मऊ वस्तूंवर लिहितायत, वजनावर कुणीच नाही. १८ मिलिमीटर प्लायचा आठ बाय चारचा एक तुकडा तीस किलोच्या वर जातो, १२ मिलिमीटरचा वीसच्या आसपास. कपाटांना १२ पुरतो. ओट्यामागे खऱ्या टाइल्स लावायच्या असतील तर लावा, पण गाडीची वजनमर्यादा, भरलेली पाण्याची टाकी आणि माणसं धरून एकदा वजनकाट्यावर गाडी चढवा. जड सामान खाली आणि दोन चाकांच्या मधे. वरच्या कपाटात कपडे, फार तर पुस्तक.

खुडखुड आवाजाचं कुणी बोलत नाही. माझ्या मते आरामाचा निम्मा भाग तोच आहे. एकाने चालवायचं, दुसऱ्याने मागच्या सीटवर पट्टा लावून बसायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. आमच्याकडे कपांना फेल्टच्या टोप्या आहेत, चमचे कापडी गुंडाळीत, ताटल्यांच्या मधे कापड. खण दाबून उघडणाऱ्या कुलपाचे. साधं चुंबकी कॅच पहिल्याच जोरदार वळणावर हार मानतं. काचेची फोटोफ्रेम नकोच, ॲक्रिलिक घ्या आणि चारही कोपऱ्यांत स्क्रू. कचकन ब्रेक लागला की मोकळी वस्तू पुढे येते, मग ती कितीही आठवणीची असो.

सोमवारची गाडी

आमची व्हॅन आठवडाभर कामाला जाते, त्यामुळे आत काहीच कायमचं नाही. ही कल्पना नवी नाही. १९५१ साली वेस्टफालिया या जर्मन कंपनीने फोक्सवॅगनच्या ‘टाइप २’ व्हॅनसाठी कॅम्पिंगचं सामान बनवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांची ‘कॅम्पिंग बॉक्स’ अशीच काढ-घाल करता येणारी होती. आमच्याकडे तीन खोकी आहेत. ती शेजारी शेजारी बसवली की पलंग, एक पुढे ओढलं की ओटा. झाकणांची आतली बाजू मुलांनी रंगवलीय. बंद असताना सामानाची खोकी, उघडली की आमची खोली. प्रत्येक मुलाला जाळीचा एक कप्पा मिळतो आणि त्यात मावेल तेच बरोबर येतं. त्यावर वाद होतात, पण ते निघायच्या आधी होतात.

भाडेकरू

स्वतःची गाडी नाही, दर वेळी वेगळी मिळते. माझं घरपण एका पिशवीत आहे. आपली उशी, आपला अभ्रा, चार्जिंगचा छोटा पिवळा दिवा, न घसरणारी चटई, दोरी आणि कपड्यांचे चिमटे. दोरी दोन हँडलमध्ये बांधली की पडदाही होतो आणि ओले टॉवेलही वाळतात. चोषक हुक घेऊ नका, रात्री गारठ्यात दणकन पडतात आणि दचकून जाग येते. माझा नेम असा की गाडी ताब्यात आली की निघायच्या आधी पिशवी रिकामी करायची. अंधारात पोहोचल्यावर ते होत नाही.

सुईदोरा, एक विचारायचं होतं. ते चुंबक किती मोठे आणि धुताना काय करता? भाड्याच्या गाडीत पण चालतील असं वाटतंय.

सुईदोरा

शर्टाच्या बटणाएवढे, निओडिमियमचे, म्हणजे लहान असूनही जोरदार चिकटणारे. दोन चुंबकांत वीतभर अंतर, कोपऱ्यांत मात्र दोन-दोन. मी कडेच्या पट्टीचं एक टोक न शिवता ठेवते, धुताना सरकवून बाहेर काढते. वरचा मुलामा उडाला की ते गंजतात आणि कापडावर डाग पडतो. घरात लहान मूल असेल तर पट्टी पूर्ण शिवून टाका. असे दोन चुंबक पोटात गेले तर आतडं मधे चिमटलं जातं, फार धोक्याचं असतं. भाड्याच्या गाडीसाठी खिडकीचं माप आधी मागून घ्या, नाहीतर मोठंच शिवा आणि जास्तीचं दुमडा.