मदत हवी आहे : खवय्या मामांच्या पंचाहत्तरीला वेगळं हॉटेल सुचवा

काळा_मसाला
मामांची पंचाहत्तरी आहे, दुपारचं जेवण बाहेर द्यायचंय. मामा पक्के खवय्ये, त्यामुळे पनीर-बटर-जीरा राईसचं ठरीव मेनूकार्ड नको, मोठ्या साखळीतलं हॉटेल तर नकोच. मालक स्वतः चुलीपाशी उभा राहतो असं ठिकाण हवंय. उद्यापर्यंत ठरवायचंय, पटापट सुचवा.

रोशनगेट
आमच्या संभाजीनगरचं नान-खलिया, म्हणजे तंदुरी नान आणि मटणाचा मसालेदार रस्सा, दुसरं काही बघूच नका. बुढ्ढी लेन, शहागंज भागात ज्या जुन्या भटियाऱ्यांकडे (आचाऱ्यांकडे) देग, म्हणजे मोठं पातेलं, लागते तिथे दोन दिवस आधी सांगून ठेवा. नान नगावर मिळतो, माणशी दोन धरा. वरून हळदीचा पिवळा हात असतो, तो गरम असतानाच खायचा. थंड झाला की चिवट होतो. खलिया वाढताना देग तळापासून ढवळून घ्यायला सांगा, नाहीतर पहिल्या चार जणांना नुसती तरी आणि शेवटच्यांना नुसता रस्सा. मांस कशाचं आहे ते पाहुण्यांच्या हिशोबाने आधीच विचारा. तुघलकाच्या फौजेपासूनचा पदार्थ आहे, खवय्याला याहून वेगळं काय देणार?

दौलताबादी
तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला आणली, एवढाच इतिहास. नान-खलिया त्याच फौजेच्या भटारखान्यातून आला हे लोक सांगतात म्हणून आपण सांगतो. दोन्ही गोष्टी एका वाक्यात बांधू नका.

रोशनगेट
पदार्थ शहराचा आहे की नाही? मग झालं.

तव्यावरची
आधी गाव सांगा. किती माणसं, किती जण मटण खाणारे, तारीख कोणती? याशिवाय कुणी काय सुचवणार?

काळा_मसाला
लातूर. मला वाटलं प्रोफाइलवर दिसतं. माणसं १४, त्यात चौघं शाकाहारी. तारीख १८ डिसेंबर, वाढदिवस त्याच दिवशी असतो. खलियासाठी संभाजीनगरपर्यंत सगळ्यांना नेणं शक्य नाही, धन्यवाद.

बालाघाट
डिसेंबर म्हणजे हुरडा! शेतावर जा. गूळभेंडी ज्वारीची कोवळी कणसं, शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात भाजून तळहातावर चोळलेली, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. पोरांना धावायला जागा. हॉटेलात चार भिंती बघून काय करणार?

तव्यावरची
१८ ला बहुतेक ठिकाणी दाणा अजून दुधात असेल. हुरडा खरा रंगतो पौषात. आणि त्यांनी हॉटेल विचारलंय.

बालाघाट
पेरणी लवकरची असेल तर मिळतो. शेतकऱ्याला फोन करून कणीस दाबून बघायला सांगा. दाणा हिरवा, दाबल्यावर दूध न निघता मऊ चेपला तर हुरडा तयार.

औशाची_वाट
१८ तारीख कॅलेंडरात बघितली का? मार्गशीर्षातला गुरुवार आहे, घरातल्या निम्म्या बायकांचा महालक्ष्मीचा उपास असणार. आणि दुसऱ्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, शेतात पूजा आणि जेवण. आंबील, उंडे, भज्जीची तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. खानावळीत भाकरी थापणाऱ्या मावश्या त्या दोन दिवसांत कामावर नसतात, आपापल्या शेताच्या तयारीत असतात. वेळ अमावस्येला तर अर्धं लातूर रानात. मालक 'हो' म्हणेल, पण जेवण गारठलेलं आणि भाकऱ्या बाहेरून आणलेल्या मिळतील. रविवार २१ धरा.

काळा_मसाला
हे लक्षातच आलं नाही. आमच्या मामीचा उपास असतो. रविवार चालेल. पण ठिकाण?

दिवेलागण
पंचाहत्तरीला ७५ दिव्यांनी ओवाळायचं असेल तर कणकेचे दिवे आदल्या रात्रीच वाफवून ठेवा, जागेवर मळत बसू नका. वाती तुपात भिजवून न्या. हॉटेलवाल्याला पंखा बंद ठेवायला सांगा, आणि दोन ताटं घ्या, एकात मावत नाहीत.

तव्यावरची
औक्षणाचं त्यांनी विचारलेलं नाही, पण पंख्याचं लक्षात ठेवण्यासारखं आहे.

काळा_मसाला, नावापेक्षा पारख सांगते. औसा रोड, निलंगा रोडवर लहान खानावळी पुष्कळ आहेत. ज्या ठरतील त्या दोन-तीन ठिकाणी आधी दुपारी एक वाजता अचानक जाऊन एकट्याने जेवा. तीन गोष्टी बघा. भाकरी ताटात बसल्यावर थापतात की टोपलीत रचून ठेवलेली वाढतात. काळं तिखट घरचं की पाकिटातलं. रश्शाचा रंग लालभडक आणि तोंडात नुसता जाळ असेल तर पाकीट समजा, घरच्यात खोबरं, धणे, दगडफुलाचा वास आधी येतो. आणि शाकाहारी आमटीचं पातेलं, पळी वेगळी आहे का. तिसरं नीट नसेल तर तुमच्या चार माणसांसाठी तिथे जाऊच नका.

मग मेनूकार्डाला हात न लावता मालकाशी बोला. किलोवर मटण बनवून देणारे बरेच आहेत. मटण त्यांचं की तुमचं, ते ठरवा. खाणारे १० म्हणजे हाडासकट अडीच किलो. उस्मानाबादी बोकड, कोवळा. भाकऱ्या साधारण ३०. इथेच घोळ होतो. एका तव्यावर तासाला वीस-पंचवीस भाकऱ्या निघतात. पहिली पंगत अर्धी जेवून होते आणि शेवटचा माणूस रस्सा चाटत बसतो. दोन चुली, दोन तवे आणि दोन थापणाऱ्या असतील तरच हो म्हणा.

काळा_मसाला
मामांना कवळी आहे. हे लिहायचं राहिलं.

औशाची_वाट
मग सुकं मटण मुख्य ठेवूच नका. दालचा करून घ्या. खांद्याचं, मानेचं मटण दीड किलो, तूरडाळ पाऊण किलो, हरभरा डाळ पाव किलो, दुधीच्या मोठ्या फोडी. बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंच वापरायला सांगा. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, दोन्ही आपल्या निलंगा तालुक्यातल्या. खवय्या माणूस पहिल्या घासालाच विचारेल डाळ कुठली म्हणून. एक चूक हमखास होते: चिंचेचा कोळ लवकर पडतो. आंबट पडलं की डाळ शिजायची थांबते, कितीही उकळा, दाणा कचकच लागतो. डाळ घोटली, मटण मऊ झालं, त्यानंतरच कोळ, आणि वरून दहा मिनिटं मंद आच. उरलेलं किलोभर मटण सुकं करा इतरांसाठी. शाकाहाऱ्यांना येसर आमटी, भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची.

बालाघाट
मटण कुकरला लावलं तरी कवळीवाल्यांना मऊ लागतंच की.

औशाची_वाट
कुकरात तुकडा हाडावरून सुटतो, आतला रस पाण्यात जातो आणि मसाला वरवर राहतो. मऊ आणि मुरलेलं यात फरक आहे. पातेल्यात लाकडावर दीड-दोन तास द्या. एकच्या जेवणाला साडेदहाला चूल पेटलेली हवी, हे ठरवतानाच सांगा.

निलंगेकर_पाहुणा
निलंगा राईस ठेवा, लातूरची ओळख आहे.

तव्यावरची
तो सकाळी गाड्यावर उभ्याने खायचा. दालच्यासोबत साधा मोकळा भातच.

आणि मामांची भाकरी ज्वारीचीच, शेवटी तव्यावरून थेट ताटात. बाजरीची देऊ नका, गार झाली की कवळीला दगड. दालच्यात कुस्करून पाच मिनिटं मुरू द्या.

रोशनगेट
गोड काय? केक आणू नका एवढंच सांगतो.

औशाची_वाट
उजनीची बासुंदी, सोलापूर रोडला. माणशी दीडशे ग्रॅम धरून चौदा जणांना दोन किलो शंभर ग्रॅम, सव्वादोन किलो घ्या. सकाळी ताजी घ्या, स्टीलच्या डब्यात, डबा बर्फाच्या बादलीत. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डिकीत टाकली तर उन्हाने दोन-तीन तासांत आंबट वास मारते. खानावळीच्या फ्रिजमध्ये ठेवलीत तर झाकण घट्ट लावा, लसणाचा वास लगेच धरते.

काळा_मसाला
निलंगा रोडवर एकांशी आत्ताच बोललो. दालचा करतील, डाळ-चिंच मी नेऊन द्यायची. तवे दोन आहेत. पण मामेबहिणीकडचे तिघं वाढले, आता १७, तिघंही मटण खाणारे.

तव्यावरची
मग मटण सव्वातीन किलो, भाकऱ्या ३६. तिसरी थापणारी मिळते का ते आजच विचारा, आणि आगाऊ पैसे दिलेत की चिठ्ठीवर तारीख, वेळ, माणसं लिहून घ्या.