धाकट्याच्या रिमोटला स्टार्टचं बटण नसायचं

परवा गणपतीचं मखर काढायला आईकडे माळ्यावर चढले तर आमचा जुना टीव्ही गेम सापडला. वायरी चिकट झाल्यात, कॅसेटवरचं चित्र उडालंय, पण दुसरा रिमोट हातात घेतला आणि अंगठे आपोआप जागेवर गेले. दुसराच, कारण मी धाकटी. ज्यांच्याकडे होता त्यांना आठवत असेल, पहिल्या रिमोटला सिलेक्ट आणि स्टार्ट असायचं, दुसऱ्याला नुसते बाण आणि ए-बी. म्हणजे गेम चालू दादा करणार, पॉज दादा करणार, मला पाणी प्यायला उठायचं असलं तरी दादाला विचारायचं. मला कित्येक वर्षं वाटायचं त्याने मुद्दाम साधा रिमोट मला दिलाय. मग कळलं की १९८३ ला जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम नावाचा टीव्ही गेम आला त्याचाच दुसरा रिमोट तसा होता आणि आपल्याकडे पुण्यात तपकीर गल्लीत वगैरे मिळायच्या त्या त्याच्याच नकला. दादाला चौथीची स्कॉलरशिप मिळाली म्हणून बाबांनी आणलेला, त्यामुळे तो कायम 'दादाचा गेम'. काल फोन करून सांगितलं त्याला, की तो रिमोट तसाच होता, तुझा काही दोष नव्हता. तो म्हणाला, मला माहितीच नव्हतं तुझ्या रिमोटला स्टार्ट नाहीये.

तर तुम्ही भावंडांबरोबर काय खेळायचात, भांडणं कशावरून, मोठं कोण धाकटं कोण, सगळं लिहा. लांब झालं तरी चालेल.

धनकवडी, मोठा भाऊ

मी लिहितो कारण मला हे बोलायचंच होतं. काँट्रा गेम. तिसरी स्टेज, धबधबा. तिथे स्क्रीन फक्त वर सरकते, जो वर चढला त्याच्याबरोबर, आणि जो खाली राहिला तो स्क्रीनच्या बाहेर गेला की मेला. मी मुद्दाम भराभर उड्या मारायचो. भाऊ माझ्याहून ४ वर्षांनी लहान, त्याच्या सगळ्या लाइफ तिथेच संपायच्या आणि तो रडायचा. मग तो बटण दाबून माझ्यातली लाइफ घ्यायचा, याला आमच्याकडे 'उसनी' म्हणायचे, आणि त्यावरून मारामारी, की उसनी घेतलीस तर परत कधी देणार, आता ती परत द्यायची सोयच नव्हती गेममध्ये पण आम्ही वहीत हिशोब ठेवायचो. ३० लाइफचा कोड (वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए) त्याने कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवला होता, अक्षर पण छान काढलेलं. पण गुरुवारी दिवसभर लाईट नसायची आणि बुधवारी रात्री कुठेपर्यंत पोचलोय ते सेव्ह करायची काही सोय नाही, परत पहिल्यापासून. एका मे महिन्यात अचानक त्याने धबधब्याखाली उभं राहून सांगितलं, "तू थांब, मी आलो की मग उडी मार." आणि मी थांबलो. त्या सुट्टीत आठही स्टेज संपवल्या आम्ही. आधीच थांबायला हवं होतं मी, हे मला आज माझी दोन पोरं खेळताना बघून फार जाणवतं.

कॅम्प

आम्ही दोघी बहिणी. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मुली नसायच्याच, ताई पुढे उभी राहून मुस्तफा खेळायची आणि मी मागे रुपयाचं नाणं घट्ट धरून. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स आहे हे कॉलेजात कळलं.

कोथरूड, धाकटा

बदकांचा गेम, बंदूकवाला. मी नेम धरायचो आणि ताई रिमोट घेऊन बदक पळवायची! एका वेळी एकच बदक येतं त्या प्रकारात रिमोटचे बाण दाबले की बदक तिकडे वळतं. ती गालातल्या गालात हसायची आणि मला वाटायचं माझाच नेम वाईट.

औंध

बदक हलवता येतं? मी शेकडो वेळा खेळलोय, कधीच ऐकलं नाही.

कोथरूड, धाकटा

येतं हो, करून बघा. फक्त जुना डबा टीव्ही पाहिजे. चाप ओढला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, बंदुकीतला डोळा तो उजेड बघतो. आताच्या सपाट टीव्हीवर चित्र थोडं उशिरा येतं म्हणून बंदूक चालत नाही. भाच्याला दाखवायला गेलो तेव्हा कळलं, ताई आणि मी दोघंही हिरमुसलो.

बिबवेवाडी

आमच्याकडे पीसी, एकच खुर्ची. व्हाइस सिटी गेममध्ये गाडी मी चालवायचो आणि चीट, म्हणजे गुपित कोड, टाइप करायची ड्युटी भावाची. मी "रणगाडा!" ओरडलो की तो मागून हात घालून पँझर टाइप करणार. स्पेलिंग त्याचं कधी चुकलं नाही.

हडपसर, धाकटी

माझी जरा अलीकडची. २०२० चा लॉकडाऊन, ताई बंगळूरला एकटी अडकलेली. रोज रात्री साडेनऊला पबजी. खरं तर खेळ कमी, ती जेवली का, खोकला गेला का हेच जास्त, मध्येच "मागे बघ मागे बघ". आमच्यात ६ वर्षांचं अंतर, लहानपणी आम्ही धड कधी बोललोच नव्हतो. २ सप्टेंबरला बंदी आली, ज्यांच्या फोनमध्ये होता त्यांचा ३० ऑक्टोबरपर्यंत चालला, आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत खेळलो. मग काही दिवस साडेनऊला नुसताच फोन करायचो, काय बोलावं सुचायचं नाही तरी ठेवायचो नाही.

धनकवडी, धाकटा भाऊ

दादाने मला ही लिंक पाठवली. दादा, कालनिर्णयवरचं अक्षर माझं नव्हतं रे, आईचं होतं. माझी शाळा सकाळची, तू दुपारी गेलास की भांडी आवरून आई बसायची खेळायला. पहिला रिमोट मला द्यायची. "तू थांब, मी आले की मग उडी मार" हे धबधब्यावर ती मला सांगायची. सहाव्या स्टेजपर्यंत गेली होती ती. तुला सांगू नको म्हणाली होती.