स्कोअर चांगला, तरी खातं का उघडत नाही?

ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या भाच्याचा क्रेडिट स्कोअर चांगला असूनही सगळ्या बँका नकार देतात, असा प्रश्न आलाय. बहुधा सिफासची नोंद असावी. सिफास हा क्रेडिट ब्युरो नव्हे. बँका, कर्ज देणाऱ्या कंपन्या, मोबाइलवाले आपसात वापरतात तो फसवणुकीच्या नोंदींचा साठा आहे, त्यामुळे स्कोअर बघत बसून उपयोग नाही. पोरं बहुतेकदा एकाच गोष्टीत अडकतात: ‘तुझ्या खात्यात पैसे येतील, पुढे पाठव, थोडे तुला ठेव.’ ते पैसे चोरीचे असतात. अशी नोंद सहा वर्षांपर्यंत राहू शकते.

आधी त्याने स्वतः सिफासकडे आपली माहिती मागवावी. फुकट मिळते, महिनाभरात. त्यात कोणत्या बँकेने, कुठल्या प्रकारात नोंद केली ते कळतं. मग त्याच बँकेकडे लेखी तक्रार. उत्तर द्यायला बँकेला आठ आठवडे असतात. अंतिम उत्तर पटलं नाही तर सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे बँक आणि ग्राहकाच्या वादात निवाडा देणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे.

तक्रारीत नुसतं ‘करिअर खराब होईल’ लिहून भागत नाही. खात्यात चोरीचे पैसे आले एवढ्याने नोंद टिकू नये; त्याला ते ठाऊक होतं, याचा पुरावा बँकेकडे हवा. म्हणून हे काम ज्यातून आलं ते चॅट किंवा नोकरीची जाहिरात आणि खात्याचं पूर्ण स्टेटमेंट जोडा. घाबरून चॅट डिलीट करतात, तिथेच हातचा पुरावा जातो.

आणि तोवर पगार मित्राच्या खात्यात नको. तोही अडकायचा.