दोघांपैकी एक पालक पुरेसा होता

वर कुणीतरी लिहिलंय की कोरोनामुळे शाळा बंद असताना इंग्लंडमध्ये आई-बाबा दोघेही अत्यावश्यक सेवेत असतील तरच मुलाला शाळेत घ्यायचे. नियम तसा नव्हता. २० मार्च २०२० च्या शुक्रवारी शाळा बंद झाल्या, तेव्हाच्या सरकारी सूचनेनुसार एक पालक अत्यावश्यक कर्मचाऱ्यांच्या यादीत असला तरी चालत होतं. यादीही लांबलचक: नर्स-डॉक्टर आणि पोलीस तर होतेच, पण सुपरमार्केटला माल पोचवणारे ड्रायव्हर, वीज-पाण्याचे कर्मचारी, बँकेतले काही लोकसुद्धा. सोबत एक अट मात्र होती, मूल घरी सुरक्षित राहू शकत असेल तर घरीच ठेवा. अडचण तिथेच झाली. काही शाळांनी आपल्यापुरता अर्थ लावून दोन्ही पालकांची पत्रं मागितली असतील, तर आश्चर्य नाही.

आणि 'आजी-आजोबांकडे ठेवायचं की' म्हणणाऱ्यांसाठी: नेमकं तेच करू नका, असं सरकार सांगत होतं. वयस्कर माणसांनाच जास्त धोका होता ना! (आपल्याकडे सगळी भिस्त त्यांच्यावरच होती, ते असो.)

पहिल्या लॉकडाऊनमध्ये वर्ग जवळपास रिकामे होते. जानेवारी २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये चित्र पालटलं, प्राथमिक शाळांत साधारण पाचातलं एक मूल हजर होतं. तेव्हा शिक्षकांना वर्गातल्या मुलांना सांभाळून घरी असलेल्या मुलांना ऑनलाइनही शिकवावं लागलं. या दुहेरी कामाबद्दल इथे अजून कुणी बोललेलं नाही.