नायिका नुसतं बक्षीस? नेहमीच नाही
काही जण म्हणतात की मूकपटांतल्या प्रेमाच्या चढाओढीत नायिका म्हणजे नुसतं बक्षीस, दोघं भांडणार आणि जिंकेल त्याची ती. बऱ्याच पिक्चरबद्दल हे खरंय, पण मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन याचा १९२४ चा 'शेरलॉक ज्युनियर' बघाच. नायिकेला भेट द्यायला खिशात पुरेसे पैसे नाहीत म्हणून कीटन एक डॉलरचा चॉकलेटचा डबा घेतो आणि किमतीतल्या १ चा ४ करतो, तिकडे प्रतिस्पर्धी तिच्याच वडिलांचं घड्याळ चोरून गहाण टाकतो, त्या पैशातून मोठा डबा आणतो आणि गहाणाची पावती गुपचूप कीटनच्या खिशात सरकवतो. पावतीवरची रक्कमही नेमकी चारच डॉलर, म्हणजे इंप्रेशन मारायला केलेली खाडाखोडच कीटनच्या अंगाशी येते आणि चोरीचा आळ त्याच्यावर येतो! किती बारीक विणलंय हे, तेही एका शब्दाचा आवाज नसताना.

आणि पुढे थिएटरात प्रोजेक्टर चालवणारा हा हिरो प्रोजेक्टरशेजारी झोपून स्वप्नात मोठा डिटेक्टिव्ह होतो, खरा तपास मात्र ती मुलगी करते. सरळ गहाणाच्या दुकानात जाऊन घड्याळ कुणी ठेवलं ते विचारते, विषय संपला. पाठलागाच्या कसरती सगळ्यांना आठवतात, मला हा छोटासा सीन जास्त आवडतो.